तन्मणीची पाठ: जुन्या मिनाकामाच्या दागिन्याचं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजेसासूबाईंकडून आलेला तन्मणी आहे. मोत्यांचे सर, मधे जडावाचं, म्हणजे सोन्यात खडे बसवलेलं, खोड (मधलं पदक), आणि खोडाच्या पाठीवर लाल, हिरवा, पांढरा मिना. एका कडेचा मिना उडालाय, एक खडा हलतोय. पुण्यातल्या तुमच्या नेहमीच्या सराफाने सांगितलं की आत निव्वळ लाख भरलेली आहे, सोनं फारसं निघणार नाही, मिन्याचं तर काहीच येत नाही, तेव्हा मोडा आणि नवीन करून घ्या. मुलगी अमेरिकेत असते, पुढे तो तिला द्यायचा विचार आहे. मोडावा, मिना पुन्हा भरून घ्यावा, की आहे तसा ठेवावा?

मोडू नका. आणि कोणालाही त्याला आच लावू देऊ नका, उकळत्या पाण्याचीसुद्धा. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल. हे दोन निर्णय मात्र एकदा घेतले की परत फिरवता येत नाहीत. मी जुन्या जडावाच्या दागिन्यांची दुरुस्ती आणि पारख करतो. या एका सल्ल्यापायी किती चांगली कामं मुशीत गेली असतील याचा विचार केला की मला खरोखर वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सराफाने तुम्हाला फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने मांडलेला हिशेब पाटल्या, गोठ, पुतळ्यांची माळ यांच्यासाठी बरोबर आहे: काट्यावर भरेल ते वजन, वजा खडे, वजा लाख, वजा तूट, उरेल त्याला आजचा भाव. हाच हिशेब जडावाला लावला की उत्तर नेहमी कमी येतं, कारण हा दागिना वजनावर घडवलेलाच नसतो. त्यात सोनं कवचापुरतं असतं. घडवून घेणाऱ्याचा पैसा गेलेला असतो तो कारागिरांच्या हातांवर, खड्यांवर आणि मोत्यांवर.

हा दागिना बनतो कसा ते आधी सांगतो. तुमच्या बहुतेक शंकांची उत्तरं त्यातच आहेत.

एकच माणूस तो करत नाही. जयपूरला आजही काम वाटलेलं असतं. चितेरा नक्षी काढतो. सोनार पातळ पत्र्याचा घाट करतो, म्हणजे समोरून खड्यांची घरं असलेलं आणि मागून बंद असं पोकळ कवच. मग खोदकाम करणारा त्या बंद पाठीवर टोकदार हत्याराने नक्षी कोरतो. मीनाकार रंग भरून भट्टीत घालतो. जडिया समोरून खडे बसवतो. शेवटी पटवा, म्हणजे आपला पटवेकरी, रेशमात मोती ओवून गोंडा बांधून देतो.

मिना म्हणजे काच. धातूंच्या क्षारांनी रंगवलेली काच कुटून, बारीक वाटून, ती ओली पूड कोरलेल्या खळग्यांत भरतात आणि साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळवतात. ती सोन्याला धरते आणि थंड झाली की घासून सपाट करतात. खळगे अर्ध्या मिलिमीटरच्याही आतले. शुद्ध सोनं १०६४ अंशांला वितळतं. त्यात तांबं-चांदी मिसळली की हा आकडा खाली येतो, आणि जिथे डाख, म्हणजे सांधा जोडायचा धातू, लावलेला असतो तिथे आणखी खाली. शिवाय हिणकस सोन्यातलं तांबं आगीत काळवंडतं आणि वरच्या काचेचा रंग मारतं. म्हणून चांगल्या मिन्याला उंची सोनंच लागतं. हौस म्हणून नव्हे, नाहीतर कामच होत नाही.

सगळे रंग एका आगीत चढत नाहीत. ज्याला सर्वांत जास्त आच लागते तो पांढरा आधी, मग निळे, हिरवे, आणि लाल अगदी शेवटी. लाल म्हणजे तो आरपार दिसणारा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. तो भट्टीत किंचित जास्त राहिला की काळपट होतो, कमी राहिला की गढूळ दिसतो. जयपूरच्या घराण्यांचं नाव या लालवर झालं. सरदार कुदरत सिंग यांना मीनाकारीसाठी पद्मश्री मिळाली, त्या घराण्याची ओळखसुद्धा याच रंगाशी जोडलेली आहे.

मिना पुरा झाला की मग कवच जडियाकडे जातं. तो समोरून आत लाख भरतो. लाखेचा आधार नसेल तर एवढा पातळ पत्रा बोटाच्या दाबाने चेपेल. लाखेत खड्यासाठी खड्डा करून तळाशी चकाकणारा पातळ वर्ख ठेवतो, त्यावर खडा. आता कुंदन. कुंदन म्हणजे जवळजवळ शंभर नंबरी सोनं, ठोकून मऊ केलेल्या अरुंद पट्ट्यांच्या रूपात. जडिया ती पट्टी खड्याच्या कडेला धरतो आणि पोलादी सळईच्या टोकाने दाबत नेतो, थरावर थर. इतक्या शुद्ध सोन्याला हवेने काही होत नाही, त्याच्यावर कसलाही थर चढत नाही. त्यामुळे दाब पडला की सोनं सोन्याला थंडच धरतं आणि एकजीव होतं. डाख लागत नाही, आग लागत नाही, खड्याला धरायला काटे लागत नाहीत. वेडावाकडा खडा असला तरी त्याच्या अंगाबरोबर कोंदण वळतं. जडिया हे काम करत असताना शेजारी बसून बघायला मिळालं तर जरूर बघा. पट्टी दिसेनाशी होते आणि खड्याभोवती गुळगुळीत सोनेरी काठ उभा राहतो.

आता क्रम लक्षात घ्या. आग आधी, लाख नंतर. लाख साधारण ७५ अंशांच्या आसपासच मऊ पडते. एकदा ती आत भरली आणि खडे बसले की त्या दागिन्याला आयुष्यात पुन्हा आग नाही. ‘मिना पुन्हा भरून द्या’ असं तुम्ही सहज म्हणाल, पण त्याचा अर्थ सगळे खडे उपसा, सगळं कुंदन कापून काढा, लाख वितळवून टाका, रिकामं कवच आठशे अंशांच्या भट्टीत घाला, असा होतो. तिथे जुने डाख सुटतात. जुना मिना तडकतो, कारण नवी काच आणि जुनी काच तापताना सारख्या फुगत नाहीत. आणि एवढं करूनही नवा लाल जुन्या लालशेजारी परका दिसतो. म्हणून माझं मत ठाम आहे: जुना मिना पुन्हा भरायचा नाही.

दागिन्याच्या पाठीवर, जिथे कोणी बघत नाही, तिथे एवढी मेहनत का? याचं एक कारण साधं आहे. उंची सोनं मऊ असतं. अंगावर, कपड्यावर सतत घासून ते झिजतं. काच त्याच्याहून कितीतरी कठीण, ती झीज अडवते. दुसरं कारण जागेचं. समोर खड्यांनी सगळं व्यापलेलं, नक्षीला मोकळी जागा उरते ती पाठच. पण या दोन कारणांनी तो बारीक कोरलेला पोपट आणि त्याच्या चोचीतलं फळ समजत नाही. ते घालणाऱ्यासाठी आहे. दागिना गळ्यात चढवताना आणि उतरवताना जी बाई तो हातात धरते, तिच्यासाठी.

ही कला आपल्या उपखंडात नेमकी कुठून आली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला यातला गोव्याचा धागा महत्त्वाचा वाटतो. अकबराने १५७५ मध्ये हाजी हबीबुल्ला याला कारागिरांसह गोव्याला धाडलं, फिरंग्यांच्या वस्तू आणायला आणि त्यांची हुन्नरं शिकून यायला. पुढे १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फतेहपूर सीक्रीला पोचले. सोन्यात खळगे कोरून त्यात आरपार दिसणारी काच भरायची पद्धत त्या काळी युरोपात मुरलेली होती, आणि मोगल दरबारात चांगल्या मिन्याचे दाखले याच सुमारापासून मिळू लागतात. आईन-ए-अकबरीत दरबारच्या कारागिरांच्या यादीत मीनाकार आहे. जहांगीराकडे तर बोर्दोचा ऑगस्तीन नावाचा फ्रेंच कारागीर नोकरीला होता, बादशहाने त्याला ‘हुनरमंद’ असा किताब दिला. आमेरच्या राजा मानसिंगाने लाहोरहून मीनाकार आणून वसवले असं जयपूरची घराणी सांगतात. त्याची मिन्याने मढवलेली काठी जयपूरच्या राजघराण्याकडे आहे.

मग त्या पहिल्या काळातलं काम आज इतकं कमी का दिसतं? कारण सोन्यावरचं काम सोन्यासाठीच मरतं. मुमताजमहलच्या कबरीभोवती १६३३ मध्ये मिनाकाम केलेला सोन्याचा कठडा बसवला होता, ४०,००० तोळ्यांचा. मयूरासनाची देखरेख करणारा बेबदल खान याच्याच हाताखाली तो झाला. दहा वर्षांत, १६४३ मध्ये, तो काढून संगमरवरी जाळी बसवली, कारण एवढं सोनं उघड्यावर ठेवणं धोक्याचं होतं. आज पर्यटक ती जाळी बघतात, मिन्याचा कठडा कुठेच नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. त्या लुटीतल्या काही वस्तू त्याने १७४१ च्या वकिलातीबरोबर रशियाला नजर म्हणून धाडल्या, आणि नजराणा म्हणून जपल्या गेल्यामुळे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये मोगल मिन्याची सुंदर भांडी आजही अखंड आहेत. दिल्लीत राहिलेलं मात्र गेलं. आपणही त्यात मागे नव्हतो. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंच्या फौजेने पैशाच्या निकडीपायी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली. पानिपताच्या तोंडावर उपाशी फौजेला पगार हवा होता, हे मला कळतं. तुमच्या घरात आज तशी निकड नाही.

आपल्या पिढीच्या आईवडिलांना ‘मोडून टाका’ इतकं सहज का सुचतं, यालाही एक कारण आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे नवीन दागिने करायला बंदी झाली. १४ कॅरेटवर ना मिना धड चढतो, ना कुंदन होतं. ही कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा कायदा १९९० पर्यंत राहिला. मधल्या काळात कारागीर दुसऱ्या कामांना लागले, आणि जडाव म्हणजे काय हे माहीत असलेले सराफ गावोगावी कमी होत गेले. आज दुकानातला तरुण मुलगा काटा आणि यंत्र याच भाषेत बोलतो, त्याला तरी काय दोष द्यायचा?

आता तुमच्या तन्मणीकडे येऊ. खिडकीशी बसा, उजेड बाजूने येऊ द्या, खोड पालथं करा आणि दहापट भिंगातून एकच लाल पाकळी बघा. काम चांगलं असेल तर लाल काचेच्या तळाशी सोन्यावर बारीक समांतर रेघा दिसतील. कोरणाऱ्याने तळ मुद्दाम तसा ठेवलेला असतो. एक तर काचेला धरायला खडबडीत जागा मिळते, आणि दुसरं म्हणजे उजेड त्या रेघांवरून फिरून परत येतो, त्यामुळे पाकळी हलवली की पेटल्यासारखी दिसते. पाकळीच्या मध्यात रंग गडद आणि कडेला फिका असेल तर खळगा मधे खोल आणि काठाला उथळ कोरलाय. ही हाताची करामत आहे. दोन रंगांमधल्या सोन्याच्या रेघेकडे बघा, ती कुठे जाड कुठे बारीक होत जाईल. काचेत एखाददुसरा टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा असेल, तो दोष मानू नका. शेवटी झीज बघा. सोनं मऊ म्हणून सोन्याच्या रेघा काचेपेक्षा किंचित खाली गेलेल्या आणि गोलसर झालेल्या असतात, ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पोशाखाची अशी झीज मुद्दाम करायला गेलं की ओरखडे एका दिशेला जातात.

याउलट सगळी पानं तंतोतंत एकसारखी असतील, कडा धारदार असतील, लाल रंग अपारदर्शक आणि नारिंगीकडे झुकणारा असेल, तर काम अलीकडचं. आणि मिना ऐवजी राळ भरली असेल तर तीही ओळखता येते. ओठाला लावून बघा, काच थंड लागते, राळ तशी लागत नाही. सुईने टोचून बघू नका, तसं करायचं असेल तर ते माझ्यासारख्यावर सोपवा.

नक्षीवरूनही थोडं कळतं. पांढऱ्या जमिनीवर सुटं लाल फूल, हिरवी पानं, भोवती भरपूर मोकळी जागा, ही चाल सतराव्या शतकातली. जहांगीर १६२० च्या वसंतात काश्मीरला गेला, त्याच्या हुकमाने मन्सूर चित्रकाराने शंभराहून अधिक फुलं रंगवली, आणि मोगल कलेत ती फुलांची झाडं सगळीकडे उगवली. पुढे जागा भरत गेली, मोर-पोपट आले, लाल-हिरव्याची दाटी झाली, ती मुख्यतः जयपूरची एकोणिसाव्या शतकातली धाटणी. पांढऱ्यावर गुलाबी रंगाने कुंचल्याने काढलेली फुलं दिसली तर तो बनारसचा गुलाबी मिना, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. २०२१ मध्ये कमला हॅरिस यांना भेट दिलेला बुद्धिबळाचा पट याच कामाचा होता. लखनौकडे चांदीवर निळा-हिरवा. प्रतापगढचा थेवा मात्र मिना नव्हे, तिथे जाळीदार सोन्याचा पत्रा रंगीत काचेवर बसवतात. दुकानात तो सर्रास मिना म्हणून विकतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत पोपटाची जोडी आहे, लाल आरपार आहे आणि मोकळी जागा जवळजवळ नाही. यावरून मला तुमचं खोड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, जयपूरच्या हाताचं वाटतं. पक्कं सांगायला हातात घ्यावं लागेल. घरात त्याला ‘पेशवेकालीन’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. हा शब्द मराठी घरांत फार सढळ हाताने वापरला जातो. पेशवाईत उत्तरेचं जडाव आपल्याकडे आलं हे खरं. शिंदे, होळकर, गायकवाड उत्तरेत आणि गुजरातेत स्थिरावले, त्यांच्याबरोबर तिथले कारागीर, तिथली चाल मराठी घरांत शिरली, आणि मोत्यांची आपली आवड त्याला जोडली गेली. तन्मणी हा त्याचा सुंदर नमुना: मोती आपल्या पसंतीचे, खोड उत्तरेच्या हातचं. जेम्स वेल्सने १७९२ मध्ये रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं चित्र बघा, त्यात मोत्यांचा थाट स्पष्ट दिसतो. पण आज घरांत असलेले बहुतेक तन्मणी पेशवाई बुडाल्यानंतरचे आहेत. त्याने त्यांची किंमत कमी होत नाही.

सराफाने ज्याबद्दल एक शब्द काढला नाही ते म्हणजे मोती. कृत्रिम रीतीने वाढवलेले गोल मोती जगाच्या बाजारात आले ते १९२० नंतरच. तुमचे सर मूळचे असतील, म्हणजे मधे कोणी बदलले नसतील, तर ते आखातातले नैसर्गिक मोती, आपण ज्यांना बसऱ्याचे मोती म्हणतो, ते असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी मोतीच खोडातल्या सोन्याहून कितीतरी महाग निघू शकतात. नजरेने कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. मोती आतून कसा वाढलाय ते क्ष-किरणांनीच कळतं, आणि त्यासाठी मुंबईत आणि जयपूरला रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत.

खड्यांचंही असंच. पोलकीखाली, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्याखाली, वर्ख असल्याने तिचं पाणी खरं किती ते बाहेरून कळत नाही. माणकं मात्र बारकाईने बघा. कारखान्यात बनवलेलं माणिक १९०२ नंतर बाजारात आलं आणि हिंदुस्थानात ते भरपूर खपलं. भिंगातून आत वक्र रेघा दिसल्या तर ते तसलं. सगळी माणकं तशी निघाली तर दागिना त्यानंतरचा, एखादंच निघालं तर तो नंतर बदललेला खडा.

दुकानातल्या कॅरेट मोजायच्या यंत्राबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ते फक्त पृष्ठभाग वाचतं. जडावाच्या समोरच्या बाजूला यंत्र धरलं की ते कुंदन वाचतं आणि ९९ टक्के वगैरे दाखवतं. तो आकडा कवचाचा नव्हे. वाचायचंच असेल तर कडेच्या, मिना नसलेल्या, कुंदन नसलेल्या जागी. यंत्रात सांध्यावर कॅडमियम दिसलं तर ती विसाव्या शतकातली दुरुस्ती, ज्याला बाजारात केडीएम म्हणतात तो डाख. कसोटीवर मात्र घासू देऊ नका. आणि हॉलमार्क नाही म्हणून नाक मुरडणाऱ्याला सांगा की १६ जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हाच कुंदन, पोलकी आणि जडाव त्यातून वगळलेले आहेत.

दुरुस्ती किती करायची? हलणारा खडा नक्की बसवून घ्या, नाहीतर तो पडेल आणि त्याच्या घरातून ओल आत जाईल. हे काम जडियाचं, साध्या सोनाराचं नव्हे. तो तेवढ्याच घराचं कुंदन उचलेल, वर्ख काळा पडला असेल तर बदलेल, आणि नवं कुंदन थंडच दाबून बसवेल. दुकानदार ‘करून देतो’ म्हणाला तर काम कोण करणार, कुठे करणार, हे विचारा. देण्याआधी पुढून, मागून, कडेने फोटो काढा, वजन लिहून घ्या, खडे मोजून ठेवा. उडालेल्या मिन्याची कडा सुटी असेल तर ती जागच्या जागी धरून ठेवता येते. संग्रहालयांत यासाठी पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरतात, ती पुढे कधी काढायची झाली तर काढता येते. रिकामा झालेला खळगा रिकामाच राहू द्या. तिथे राळेचा रंग भरून ‘नव्यासारखं’ करून मिळेल, आणि नेमकं त्यानेच पुढचा पारखी उरलेल्या मिन्याबद्दलही शंका घेईल.

मोत्यांचा रेशीमदोरा कुजला असेल तर ओवून घ्या, पटवेकऱ्याकडून, रेशमातच, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून. नायलॉन नको, तो बारीक धारेने मोत्यांची भोकं मोठी करतो. जुना गोंडा आणि जुनी जर फेकू नका, डबीत ठेवा.

स्वच्छतेत आपल्या घरांची सवय अशी की सणाआधी सगळे दागिने रिठ्याच्या पाण्यात. ठुशी, पाटल्या, बांगड्या खुशाल घाला. जडाव आणि मोती कधीही नाही. पाणी कुंदनाच्या फटीतून वर्खापर्यंत गेलं की चांदीचा वर्ख काळा पडतो आणि खडा एका रात्रीत मेल्यासारखा दिसतो. सराफाकडचं कंपनांनी धुणारं यंत्र तर याहून वाईट, ते कुंदन सैल करतं आणि तडकलेला मिना उडवतं. स्पिरिट आणि अत्तर दूर ठेवा, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. टूथपेस्ट नको. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. पाठीवरचा मिना फारच मळला असेल तर कापसाचा बोळा शुद्ध पाण्यात जेमतेम ओला करून फक्त काचेवरून फिरवा आणि लगेच सुक्या मलमलीने टिपा. तन्मणी गळ्यात घालायचा तो सगळ्यात शेवटी, केस, पावडर, अत्तर सगळं आटोपल्यावर, आणि उतरवायचा सगळ्यात आधी. ठेवताना धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत, आडवा, एकटा. कापसात नको, त्याचे तंतू कुंदनात अडकतात. रंग सोडणारा गुलाबी कागद नको, रबरबँड तर जवळपासही नको.

चांगलं काम डोळ्याला कळावं म्हणून संग्रहालयांत जाऊन बघा. दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयाचं अलंकारांचं दालन आहे, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्या घराजवळच आहे. निजामाचे १७३ दागिने सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटींना विकत घेतले. ते एरवी रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात, पण प्रदर्शनाला येतात तेव्हा चुकवू नका. तिथे गेलात की आरशात दिसणाऱ्या पाठीकडे बघा. पुष्कळ लोक समोरचे हिरे बघून पुढे जातात.

राहिला मुलीचा प्रश्न. पुराणवस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरची आहे, गळ्यात घातलीय, भेट द्यायचीय, याने सूट मिळत नाही. तुमचं खोड माझ्या अंदाजाप्रमाणे असेल तर ते या वयात बसतं. त्यामुळे घाई करून तिच्या सामानात घालू नका. आधी लेखी पारख करून घ्या, आणि वय शंभरच्या आत निघालं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे ती पुराणवस्तू नसल्याच्या दाखल्यासाठी अर्ज करा. शंभरच्या वर निघालं तर तन्मणी इथेच राहील. तसं असेल तर तुमच्या कागदांत तो तिच्या नावे आत्ताच लिहून ठेवा, फोटो आणि प्रयोगशाळेच्या अहवालासकट, म्हणजे लॉकर उघडणाऱ्या पुढच्या माणसाला त्याचं वजन विचारायची वेळ येणार नाही.